जुना ट्रक रंगवताना: लायनिंग, पट्ट्या आणि अक्षरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटपासून कळंबोलीपर्यंतच्या शेडांमध्ये कुणी ना कुणी एखादा जुना फार्गो, डॉज, टाटा-मर्सिडीज किंवा बेडफोर्ड उभा करत असतं. इंजिन सुरू होतं, पत्रा सरळ होतो, आणि मग रंगाच्या दुकानाच्या काउंटरवर काम अडतं. तिथून येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लायनिंग म्हणजे नक्की काय? सगळ्याच जुन्या ट्रकना ते असायचं का?

बॉडीच्या रंगावर दुसऱ्या रंगाची जी बारीक, एकसारखी रेघ ओढतात ती लायनिंग. ही रीत घोडागाड्यांच्या काळापासूनची. बग्गीच्या चाकांच्या आऱ्यांवर आणि पेटीच्या कडांना लांब केसांच्या ब्रशने रेघा ओढत, तीच कला पुढे मोटारींवर आली.

सगळ्या ट्रकना लायनिंग नसायचं. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन ट्रकवर साधारण असा थाट दिसतो: केबिन रंगीत, मडगार्ड आणि चासी काळी, खिडकीखालच्या उठावावर एक रेघ, कधी चाकांवरही. लष्करी गाड्यांवर काहीच नाही. आपल्याकडे बॉडीबिल्डरकडून तयार होऊन आलेल्या ट्रकवर मात्र रेघा, पट्ट्या, फुलं, मोर यांची रेलचेल. तुमचा ट्रक यातला कुठला, ते आधी ठरवायला हवं. त्यासाठी प्रश्न ३ वाचा.

२. गाडीचा मूळ रंग कोणता होता ते कसं शोधू?

ऊन आणि पाऊस जिथे पोचत नाहीत तिथे बघा: दाराच्या बिजागरीमागे, डॅशबोर्डच्या पत्र्याच्या उलट बाजूला, नंबरप्लेटच्या मागे, बोनेटच्या पट्टीखाली, सीटखालच्या खणात. बाहेरच्या पत्र्यावर शोधायचं असेल तर नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हळूहळू घासा. मधे नागडा पत्रा आणि त्याभोवती एकेका थराचं कडं असा डोळा तयार होतो. पत्र्यालगतचं पहिलं कडं प्रायमरचं, त्याच्या बाहेरचं पहिल्या रंगाचं. मग ज्या क्रमाने गाडी रंगवली गेली त्या क्रमाने बाकीचे.

रंग सापडला म्हणजे छटा सापडली असं नाही. वर्षानुवर्षं दबलेला रंग पिवळसर किंवा मळका दिसतो. त्यावर थोडं रबिंग कंपाउंड फिरवा, ओल्या कापडाने पुसा आणि मग उन्हात नेऊन बघा. शेडमधल्या ट्यूबखाली जुळलेले दोन रंग बाहेर आले की वेगळे दिसतात, म्हणून कलर मॅचिंग नेहमी दिवसाउजेडी.

शेडकार्ड निवडताना आयएस ५ चे, म्हणजे रंगछटांच्या भारतीय मानकाचे, क्रमांक उपयोगी पडतात, कारण भारतीय रंगकंपन्या वर्षानुवर्षं तेच क्रमांक वापरत आल्या आहेत. पोस्ट ऑफिस रेड ५३८, गोल्डन यलो ३५६, ऑक्सफर्ड ब्लू १०५ हे पेंटरलाही तोंडपाठ असतात. नुसतं 'तांबडा द्या' म्हणालात तर काउंटरवरचा माणूस त्याला आवडणारा तांबडा देईल.

जुना रंग घासताना कोरडा घासू नका. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. पाणी लावूनच घासा, चांगला मास्क लावा, आणि खाली साचलेला राडा झाडून गटारात लोटू नका.

३. 'मूळ रूप' म्हणजे कारखान्यातून आलं ते, की आजोबांनी रंगवून घेतलं ते?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. भारतीय ट्रकच्या बाबतीत उत्तर अमेरिकन पुस्तकांत मिळत नाही.

जमशेदपूरहून निघालेला टाटा-मर्सिडीज बहुतेक वेळा पूर्ण ट्रक नसायचाच. चासी, बोनेट, मडगार्ड आणि दर्शनी भाग एवढं कारखान्याचं. केबिन आणि हौदा बॉडीबिल्डरकडे लाकूड-पत्र्यात बांधून घ्यायचे. म्हणजे बोनेटचा रंग कारखान्याचा, केबिनचा बॉडीबिल्डरच्या पेंटरचा, आणि दारावरची अक्षरं मालकाच्या मर्जीची. हे तिघं एका दिवशी एकत्र कधी आलेच नव्हते. तेव्हा 'अगदी कारखान्यातल्यासारखा' पूर्ण ट्रक करायला निघालात तर जी गाडी कधी नव्हती ती तुम्ही तयार करताय.

आमचं मत असं: एक तारीख पकडा. गाडीच्या आयुष्यातला एक दिवस निवडा आणि रंग, रेघ, अक्षरं, बोधचिन्ह सगळं त्या दिवसाचं ठेवा. आजोबांनी १९६८ मध्ये पहिल्यांदा ती वाशीच्या खाडीपलीकडच्या गावांतून भाताची पोती भरून आणली असेल आणि घरात त्या वेळचा एखादा काळा-पांढरा फोटो असेल, तर तोच दिवस पकडा. फोटोत रंग दिसत नाही, पण गडद-फिका फरक दिसतो, रेघ कुठून कुठे गेली ते दिसतं, अक्षरांचं वळण दिसतं. रंग डोळ्यातून मिळेल, प्रश्न २ मध्ये सांगितलाय तसा.

संग्राहकांच्या स्पर्धेत गाडी न्यायची असेल तर गणित बदलतं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या, व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षं जुनं आणि इतिहासाच्या दृष्टीने योग्य स्थितीत जपलेलं असावं लागतं. परीक्षकाला काय दाखवताय त्याचे पुरावे फाइलमध्ये असले की मालकाने रंगवलेली गाडीही मान्य होऊ शकते. पुराव्याशिवाय काढलेला मोर मात्र नुसता मोर राहतो.

४. सिंथेटिक, एनसी की पीयू? पेंटर तीन तऱ्हेचं सांगतात.

एनसी, ज्याला जुने कारागीर अजून ड्युको म्हणतात, ते नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात ड्युपाँटने आणलं आणि रंग वाळायला लागणारे दिवस तासांवर आले. चमक मऊ, घासून पॉलिश करावी लागते, पेट्रोल सांडलं की डाग पडतो, उन्हात तडकतं. सिंथेटिक इनॅमल स्वस्त, ब्रशनेही बसतं, पण हळू वाळतं आणि काही वर्षांत फिकं पडतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारायचा दोन घटकांचा रंग. टिकाऊपणात त्याला तोड नाही.

रस्त्यावर फिरणाऱ्या ट्रकला आम्ही पीयूच सुचवतो, पण सरळ ग्लॉस असलेला एकरंगी. बेसकोटवर क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर, चढवलेली आरशासारखी खोल चमक १९५० च्या ट्रकवर शोभत नाही. मेटॅलिक तर नकोच. लाकडी हौद्यासाठी प्रश्न १२ पाहा, तिथे उत्तर वेगळं आहे.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचे फवारे श्वासात गेले की कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून स्प्रे गन चालवणारा पेंटर कितीही हुशार असला तरी त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क द्या.

सिंथेटिकवर एनसी मारू नका. एनसीचा थिनर खालच्या सिंथेटिकला उचलतो आणि पत्र्यावर सुरकुत्या येतात. गाडीवर आधीचा रंग कुठला आहे ते माहीत नसेल तर कोपऱ्यात एनसी थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर दाबून ठेवा. रंग सुटून बोळ्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक, काहीच झालं नाही तर पीयू.

५. रेघेचा रंग कसा निवडायचा?

गडद बॉडीवर फिकी रेघ, फिक्या बॉडीवर गडद. मरून, गडद हिरवा, ऑक्सफर्ड ब्लू यांवर मलईसारखा क्रीम रंग उठून दिसतो. क्रीम बॉडीवर मरून किंवा बाटलीहिरवा. काळ्या मडगार्डवर बॉडीच्याच रंगाची रेघ ओढली की गाडी एकसंध दिसते. पिवळ्यावर काळी रेघ चालते, पण बारीक ठेवा, नाहीतर टॅक्सी होईल.

शुभ्र पांढरा टाळा. जुन्या रंगांत इतका निळसर पांढरा दिसत नसे, आणि बाकीचा रंग थोडा मळला की पांढरी रेघ काल चिकटवल्यासारखी वाटते. फ्लुरोसंट रंग तर मुळीच नकोत. सोनेरी पावडर घातलेला रंगही खाडीच्या खाऱ्या हवेत तपकिरी पडतो. सोनंच हवं असेल तर प्रश्न १३.

कार्डवर बघून ठरवू नका. दोन फूट लांब पत्र्याच्या तुकड्यावर बॉडीचा रंग मारा, त्यावर तीन रंगांच्या रेघा ओढा, आणि तो तुकडा बोनेटवर ठेवून दहा-पंधरा फुटांवरून बघा. दुपारी बारा वाजता एकदा, संध्याकाळी पाच वाजता एकदा. ट्रक कुणी हातभरावरून बघत नाही.

६. रेघ किती जाड असावी आणि कुठून कुठे न्यावी?

मोटारीवर दीड-दोन मिलिमीटरची रेघ पुरते. ट्रकवर ती दिसतच नाही. तीन ते पाच मिलिमीटर ठेवा. जोडरेघ हवी असेल तर एक जाड आणि एक बारीक, मधली फट बारीक रेघेएवढी.

रेघ पत्र्याच्या उठावाला धरून जाते. बोनेटच्या कडेचा दाब, दाराखालचा उठाव, मडगार्डचा गोलवा हे सगळं कारखान्यातल्या साच्याने आधीच आखून ठेवलंय. त्याच्या आत किंवा खाली सारखं अंतर ठेवून रेघ न्या. सपाट पत्र्यावर मनाने नवी वळणं काढली की ती त्या काळाची न वाटता अमेरिकेतल्या १९५० च्या दशकातल्या हौशी सजवलेल्या गाड्यांची वाटतात. ती शैली सुंदर आहे, पण भाताच्या पोत्यांच्या ट्रकवर नाही.

लेव्हल पट्टी वापरू नका. ट्रक कमानींवर उभा असतो, मागचा भाग वर, पुढचा खाली. जमिनीशी समांतर काढलेली रेघ गाडीवर तिरकी दिसते.

लायनिंगच्या आधी दारं बसवून घ्या. बिजागरी ढिली असेल तर आज जुळलेली रेघ महिन्याभरात दाराच्या फटीपाशी अर्धा इंच खाली उतरते. रेघ दार बंद ठेवूनच ओढायची, आणि मग दार उघडून टोकं कडेपर्यंत पुरी करायची.

७. हाताने काढावी की टेप लावून, की सरळ स्टिकर?

स्टिकरची तयार पट्टी ट्रकवर टिकत नाही. उन्हाने आकसते, टोकं उचलतात, आणि उचललेल्या टोकाखाली धूळ बसली की काळी कड दिसते. विसरा.

मास्किंग टेपचा पर्याय बरा आहे, पण साधी कागदी टेप नको. तिच्या कडेखालून रंग झिरपतो. फाइनलाइन नावाची प्लॅस्टिकची बारीक टेप मिळते, ती वळणावरही बसते. दोन टेपांमधल्या फटीत रंग भरायचा आणि तो पूर्ण कडक व्हायच्या आत टेप मागे दुमडून काढायची. वाळल्यावर काढली तर कड फाटते.

हाताच्या रेघेत जो जिवंतपणा असतो तो टेपमध्ये येत नाही, हे खरं आहे. जिथून ब्रश उचलला तिथे रेघ किंचित निमुळती होते, रंग पुन्हा भरला तिथे अगदी थोडी जाड. पण हे सुख चांगल्या हाताचं. हात नसेल तर टेप लावा आणि निवांत झोपा.

८. चांगला लायनिंगवाला कसा ओळखायचा?

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये विचारू नका. ट्रक रंगवणाऱ्या जुन्या पेंटरकडे जा. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास आणि तुर्भ्याला एपीएमसीच्या मागे बॉडीची कामं चालतात, तिथे चौकशी केली की कुणीतरी 'आमचे काका करायचे' म्हणून पत्ता देतं. डिजिटल स्टिकर आल्यापासून या मंडळींचं काम घटलंय, त्यामुळे वेळ देतात.

जुन्या बोनेटचा तुकडा पुढे ठेवा आणि दोन फुटांची रेघ काढायला सांगा. बघायचं ते असं. डबीतला रंग तो थेट पत्र्यावर नेत नाही. गुळगुळीत कागदाच्या तुकड्यावर ब्रश दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा ओढतो, केसांची धार एक होईपर्यंत. गरज पडली तर थेंबभर टर्पेंटाइन. मग करंगळी पत्र्याच्या कडेवर टेकवतो, ती अंतर सारखं ठेवायला आधार म्हणून चालते. श्वास सोडत हात मागे येतो, आणि नजर ब्रशच्या टोकावर नसते, रेघ जिथे जायची आहे तिथे असते. हात मनगटातून हलत असेल तर रेघ डुलते. खांद्यातून हलत असेल तर माणूस बरोबर आहे.

नंतर कोपरा काढायला सांगा. सरळ रेघ बरेच जण काढतात, कोपऱ्यात खरं कळतं.

मजुरी कुणी फुटावर सांगतं, कुणी अंगावर घेतं. फुटावर सांगणाऱ्याला चाकं आणि अक्षरं वेगळी धरली आहेत का ते आधी विचारा.

९. लायनिंग क्लिअरच्या खाली घ्यायचं की वर?

सरळ ग्लॉस पीयू मारला असेल तर क्लिअर नाहीच, रेघ थेट वर. पीयू नीट कडक झाल्यावर जिथे रेघ जाणार तेवढीच पट्टी करड्या स्कॉचब्राइटने (घासायच्या पॅडने) हलकी मारा, पुसा, आणि सिंथेटिक इनॅमलने ओढा. फायदा असा की टर्पेंटाइन पीयूला काही करत नाही, त्यामुळे चुकलेली रेघ ओली असताना पुसून टाकता येते.

क्लिअरखाली घ्यायचीच असेल तर रेघही पीयूच्याच रंगाने, हार्डनर घालून काढावी लागते. साध्या इनॅमलच्या रेघेवर पीयू क्लिअर मारलं तर ती गोळा होऊ शकते. आमची पसंती वरच्या रेघेला. नखाला लागते, आणि दहा वर्षांनी पुन्हा ओढायची वेळ आली तर सगळी गाडी सोलावी लागत नाही.

पत्र्यावर आधी सिलिकॉनवालं पॉलिश लागलं असेल तर रंग ठिकठिकाणी फाटून बारीक गोल खळगे पडतात. रेघेच्या दिवशी शेडमध्ये कुणालाही टायर पॉलिशचा स्प्रे उडवू देऊ नका.

१०. दसऱ्याला पूजेसाठी ट्रक तयार हवा आहे. पावसाळ्यात रंगकाम चालेल का?

दसऱ्याची मुदत घेऊ नका. दसरा पावसाच्या शेपटीवर येतो, म्हणजे सगळं रंगकाम ऐन श्रावण-भाद्रपदात येतं. एनसी मारलं तर उडणाऱ्या थिनरने पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. पीयूच्या हार्डनरला ओल लागली की बुडबुडे येतात किंवा चमक मरते. सर्वांत वाईट म्हणजे उघडा ठेवलेला सरफेसर, रंगाआधी पत्रा सपाट करायला मारतात तो थर. तो सच्छिद्र असतो, ओल पितो, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी फोड उठतात. पाऊस आलाच आणि पत्रा उघडा असेल तर इपॉक्सी प्रायमर मारून बंद करा आणि थांबा.

ठाणे-नवी मुंबईत रंगाचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. गुढीपाडव्याची मुदत घ्या, पेंटर दुवा देईल. जानेवारीत पहाटे दव पडतं, त्यामुळे दहाच्या आत गन हातात घ्यायची नाही. लायनिंगच्या वेळी पंखा बंद, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि रस्त्याकडचं शटर खाली.

११. चाकांवर रेघ काढायची आहे. ती गोल कशी येते?

चाक गाडीवरच ठेवून जॅकने उचला, गाडीखाली घोडे (आधाराचे स्टँड) लावा. एक जण चाक सावकाश फिरवतो, पेंटर हात एका जागी स्थिर धरतो. ब्रश फिरत नाही, चाक फिरतं. एक फेरा पुरा होऊन रेघ स्वतःला भेटली की ब्रश अलगद उचलायचा.

नट बसतात त्या जागेवर आणि रिमच्या उलट बाजूला, जिथे ती हबला टेकते, जाड रंग नको. नटाखालचा रंग वजनाने दबतो आणि नट ढिले पडतात. रिम रंगवली असेल तर ती जागा साफ करून घ्या आणि थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळा. जड ट्रकच्या कडीवाल्या रिमची कडी जिथे बसते ती खाचही रंगाने भरू देऊ नका.

१२. हौदा आणि फाळके (हौद्याच्या कडेच्या फळ्या) लाकडी आहेत. तिथेही पीयू?

नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि कडक पीयू सांध्यांवर तडकतो. लाकडाला वुड प्रायमर आणि वर सिंथेटिक इनॅमल. फळ्या जोडायच्या आधी कापलेल्या टोकांना प्रायमर पाजा, कारण पाणी तिथूनच शिरतं. बॉडीच्या पीयूशी छटा जुळवून घ्यावी लागते, पण चमकेत थोडा फरक राहिला तर तो खराच दिसतो. फाळक्यावरची रेघ फळीच्या मधून न्या. दोन फळ्यांच्या सांध्यावरून नेलेली रेघ पहिल्या पावसात तुटते.

१३. दारावर आजोबांच्या कंपनीचं नाव लिहायचंय. सोन्याचा वर्ख चालेल का?

आधी जुनी अक्षरं शोधा. वरचे थर ओल्या पेपरने घासत गेलं की खालच्या अक्षरांची कड कधी कधी दिसते, तिरपा टॉर्च धरला तर अजून स्पष्ट. दिसली की तिथेच थांबून ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. त्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद नव्या रंगावर लावून वरून खडूची पुरचुंडी थापायची, आणि ठिपक्यांवरून ब्रश न्यायचा.

कॉम्प्युटरवरचा तयार फाँट नका घेऊ. हाताने लिहिलेल्या देवनागरीत शिरोरेषेची जाडी आणि काना यांचं नातं वेगळं असतं, ते पेंटरच्या हातात असतं.

सोन्याचा वर्ख म्हणजे २२-२३ कॅरेटची पानं, खाली साइझ, म्हणजे वर्ख धरणारा चिकट थर. साइझ किती वाळली की वर्ख टाकायचा हे कारागिराला बोटाने कळतं. स्वस्त पितळी वर्ख काळवंडतो, चांदीचाही काळवंडतो, खऱ्या सोन्याला ते भय नाही. ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर वर्ख ही चैन आहे. पेढीची गाडी असेल तर शोभेल, रेती वाहणारी असेल तर क्रीम अक्षरांना मरून सावली पुरे.

१४. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहू का?

लिहू नका. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली. प्रदर्शनासाठी हवंच असेल तर काढता येणाऱ्या फळीवर लिहा. 'आई-वडिलांची कृपा' किंवा मुलांची नावं यांना कुणाची हरकत नाही, फक्त ती प्रश्न ३ मध्ये धरलेल्या दिवसाची असू द्या. १९६८ च्या ट्रकवर २००५ साली जन्मलेल्या नातवाचं नाव विचित्र दिसतं.

१५. बोनेटवर मर्सिडीजचा तारा लावू की टाटांचा 'टी'?

मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझबरोबरचा टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, करार १९५४ ते १९६९ चा. त्या काळातल्या गाडीवर तीन टोकांचा तारा, नंतरच्या गाडीवर टाटांचं चिन्ह. १९७२ च्या ट्रकला तारा लावणारे पुष्कळ भेटतात, लावू नका. प्रीमियर कंपनीच्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या, त्यांच्यावर डॉज की फार्गो ते तुमच्या कागदपत्रांत बघा. दोन्ही नावांच्या गाड्या बऱ्याच सारख्या असल्यामुळे चोरबाजारात एकीची नावपट्टी दुसरीला खपवतात.

१६. लष्कराच्या लिलावातला शक्तिमान ट्रक घेतलाय. मूळ ऑलिव्ह ग्रीन ठेवता येईल?

रस्त्यावर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांना ऑलिव्ह ग्रीन मनाई करतो. जबलपूरच्या कारखान्यातला अस्सल शक्तिमान असला तरी तो आता तुमचा आहे. बाटलीहिरवा, करडा किंवा मातकट रंग घ्या, आणि त्यावर लायनिंग करू नका. मूळ रंगाचा एक भाग डॅशबोर्डच्या आत उघडा ठेवलात तर पुढच्या अभ्यासकाला उपयोग होईल.

१७. रंग बदलला तर आरटीओला कळवायचं का? आणि विंटेज नोंदणी?

आरसीवर रंगाची नोंद असते. मुख्य रंग बदलला तर ती नोंद बदलून घ्यावी लागते, आणि हे रंगवायच्या आधी विचारलेलं बरं. ठाण्याची गाडी असेल तर एमएच-०४, वाशीची एमएच-४३, पनवेलची एमएच-४६, ज्याच्या त्याच्या कार्यालयात जा. मुख्य रंग तोच राहिला आणि त्यावर बारीक लायनिंग आलं तर गाडीचा रंग बदलला असं होत नाही.

विंटेज नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी आणि प्रवासी चारचाकी हा त्यांचा रोख आहे. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो आणि तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेला ट्रक यात सरळ बसत नाही. 'रंगवला की विंटेज नंबर मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी स्वतः खिडकीवर जाऊन या.

१८. रिफ्लेक्टर टेपमुळे सगळं लायनिंग झाकलं जातं. ती काढून टाकू?

रस्त्यावर चालणाऱ्या मालवाहू गाडीची टेप काढता येत नाही. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. लायनिंगचा आराखडाच टेप धरून करा: बाजूची पिवळी पट्टी हौद्याच्या खालच्या चौकटीवर राहू द्या आणि रेघ फाळक्याच्या वरच्या भागात घ्या. केबिनवर टेपची गर्दी कमी असते, खरी कला तिथे करा. नवी टेप ताज्या रंगावर लगेच चिकटवू नका, रंग पुरता कडक होऊ द्या.

१९. जुना रंग बऱ्यापैकी टिकलाय. तो तसाच ठेवून नुसती रेघ पुन्हा ओढली तर?

जमत असेल तर तेच करा. फिका पडलेला पण धरून असलेला रंग पुन्हा मिळत नाही. सौम्य साबणाने धुवा, गंज आलेल्या जागा तेवढ्याच थांबवा आणि रेघेचा जो भाग शिल्लक आहे तो ठेवून तुटलेलाच जोडा. नव्या रेघेचा रंग डबीतला कोरा न वापरता त्यात थोडा गेरू किंवा राखाडी घालून मारा, नाहीतर जोड ओरडतो. एक दार दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल आणि त्याचा रंग वेगळा असेल, तर ते दार पूर्ण रंगवून जुनाट करण्यापेक्षा वेगळंच राहू द्या. गाडीने ते दार रस्त्यावरच कमावलेलं असतं.

२०. पूजेला हळद-कुंकू लावलं आणि क्रीम रेघ पिवळी झाली. आता?

ताजं इनॅमल हळद पितं. ओला साबण लावून लगेच पुसलं तर निघते, दोन दिवसांनी नाही. तेव्हा रेघ नवी असेल तर स्वस्तिक काचेवर काढा, नारळ टायरजवळच्या फरशीवर फोडा, आणि हार तारेने न बांधता सुती दोरीने बांधा. तारेचा एक ओरखडा आणि महिन्याचं काम गेलं.

२१. दोन वर्षांनी दाराच्या कडेची रेघ उडाली. सगळी पुन्हा ओढावी लागेल का?

तेवढाच तुकडा ओढा, पण रंग तोच हवा. म्हणून काम चालू असतानाच रेघेच्या रंगाची छोटी बाटली तोंडोतोंड भरून ठेवा. बाटलीत हवा राहिली की वर साय धरते. बाटलीवर कंपनी, शेड क्रमांक आणि पेंटरने त्यात काय किती मिसळलं ते लिहा, आणि तोच मजकूर एका चिठ्ठीवर उतरवून डॅशबोर्डच्या खणात आतून चिकटवा. मार्करने नको, पेन्सिलीने. मार्करची शाई केबिनच्या उष्णतेत उडते.